निग्रह आणि तजवीज

वैशाखात, पुसदचा पारा ४२-४३ अंशांवर जाऊन बसलेला असताना आणि माणसे कवाडे लोटून घरात पडून राहिलेली असताना, आमच्या अंगणातील मोगऱ्याच्या वाफ्यात आमची लहानशी कुत्री चिंगी पुढच्या दोन्ही पायांनी माती उकरीत असते. सकाळी पाणी दिलेल्या काळ्या मातीचा वरचा सुकलेला थर ती बाजूला सारते, खालचा ओलावा पंजाला लागताच दोनदा स्वतःभोवती फिरते, पोट त्या खळग्यात टेकवते आणि डोळे मिटून घेते. तिच्या नाकावर मातीचा डाग असतो आणि शेपटीपाशी मोगऱ्याचे एक तुटलेले पांढरे मूळ उन्हाने सुकत असते.

तो मोगरा माझ्या आईने लावलेला आहे, आणि देवघरातील परडीत पहाटे पडणारी फुले त्याच वाफ्यातील असतात. पूस नदीचे जुने नाव पुष्पावती होते असे आमच्याकडील वृद्ध मंडळी सांगत आली आहेत. अशा गावात राहणाऱ्या माणसाला फुलाची माया असली तर नवल नाही. म्हणून ते तुटलेले मूळ पहिल्यांदा हाती आले त्या दिवशी मी काठी उचलली, आणि उचललेल्या काठीकडे पाहून चिंगीने कान पाडले तेव्हा, देवाच्या फुलासाठी एका मुक्या जीवावर हात उगारण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा प्रश्न मनात उभा राहिला. पुढे कित्येक दिवस तो मनातून गेला नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी प्रकृतीच्या बळाविषयी जे सांगितले आहे त्याचा आशय प्रसिद्ध आहे: ज्ञानी मनुष्यदेखील आपल्या प्रकृतीला अनुसरूनच वागतो, मग भूतमात्रांवर केलेल्या जबरदस्तीचा उपयोग काय? या वचनाचा आधार घेऊन आपल्या दोषांना स्वभावाचे नाव देणारे पुष्कळ आहेत; परंतु त्याच्याच पुढे रागद्वेषांच्या आहारी न जाण्याचा जो उपदेश येतो तो अर्जुनाला आहे, अर्जुनाच्याच मनासंबंधी आहे. पतंजलींनी ज्या वृत्तींचा निरोध सांगितला त्याही साधकाच्या स्वतःच्या चित्ताच्या. शेजाऱ्याचा, मुलाचा, चाकराचा अथवा दारच्या जनावराचा स्वभाव बळाने दडपावा असा योग कोणी सांगितलेला नाही. आपण मात्र व्यवहारात नेमके उलटे करतो. स्वतःच्या क्रोधाला स्वभाव म्हणून मोकळे सोडतो आणि ज्याला विवेकाची देणगी नाही अशा प्राण्याकडून निग्रहाची अपेक्षा धरतो.

पुसदहून निघून पैनगंगा ओलांडली की माहूरचा गड लागतो. दत्तात्रेयांचे हे निद्रास्थान मानले जाते आणि आमच्या भागातील घराघरांत त्यांची तसबीर असते. त्या तसबिरीत पाठीशी गाय आणि पायांशी चार श्वान असतात. गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद, असा अर्थ परंपरेने लावलेला आहे. भागवताच्या एकादश स्कंधात, परंपरा ज्याला दत्तात्रेयच मानते त्या अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत पहिले नाव पृथ्वीचे आहे, आणि तिच्यापासून घेतलेला धडा क्षमेचा आहे, कारण लोक तिला तुडवतात, खणतात, तरी ती आपल्या व्रतापासून ढळत नाही. त्या नामावळीत अजगर आहे, मासा आहे, कपोत आहे, कोळी आहे, श्वान नाही. तो गुरू म्हणून मोजला गेला नाही, पण गुरूंच्या चरणांशी त्याला जागा मिळाली, आणि तीही पृथ्वीरूप गाईच्या सान्निध्यात. जिला खणले जाते ती जर क्षमा करते, तर तिच्या एका चार हात तुकड्याचा सातबारा आपल्या नावे आहे एवढ्यावरून आपण क्रोधाचे धनी का व्हावे?

शिवाय हा स्वभाव सर्वस्वी त्या प्राण्याचा तरी कोठे आहे? टेरियर हे नावच लॅटिन भाषेतील भूमिवाचक शब्दावरून आले. बिळात शिरून शिकार बाहेर काढणारी ही जात माणसाने पिढ्यान्पिढ्या निवड करून घडवली. जर्मनीतील डाक्सहुंड, आखूड पायांचा आणि लांब अंगाचा, बॅजर नावाच्या बिळवासी प्राण्यामागे जमिनीत घुसावा म्हणून तसा केला गेला. चिंगीच्या रक्तात अशा कोणत्या जातींचा अंश आहे हे मी सांगू शकणार नाही, परंतु उकरण्याचे कसब माणसाने एके काळी वाखाणले, त्याचे मोल दिले, आणि गरज सरल्यावर त्यालाच अपराध ठरवले, हे निश्चित. दुसरे कारण शरीराचे आहे. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः त्याच्या पंजांत असतात, आणि धापा टाकून तो शरीराची उष्णता कमी करतो. विदर्भाच्या उन्हात त्याने ओली माती शोधावी ही त्याच्या देहाची रास्त मागणी आहे.

या मागणीची दखल न घेता जो बंदोबस्त लोक करतात तो पाहिला म्हणजे मन खिन्न होते. कोणी वाफ्यावर तिखटाची पूड टाकतो, आणि ती प्राण्याच्या नाकाडोळ्यांत जाऊन त्याची आग करते. कोणी बाभळीचे काटे पसरतो. बहुतेक जण साखळीला बांधून मोकळे होतात. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, दिले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, बेसुमार ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. त्यांत बांधण्याचा उल्लेख मारण्याच्याही आधी येतो, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे. आमच्या सरकारी कायद्यानेही ही जाणीव ठेवली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्यात मालकाने कसूर करणे, हे गुन्हे आहेत.

माझा प्रश्न सोडवला तो आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या एका वृद्ध माळ्याने. उकरलेला वाफा पाहून तो रागावला नाही, खाली बसला, खळग्यात तळहात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, तिले मोगऱ्याचं काही नाही. तिले गारवा पाहिजे. दुसरीकडं गारवा करून द्या, इथून आपोआप उठते."

त्याच्या सांगण्याप्रमाणे निंबाच्या सावलीत चार हात लांब आणि दोन हात रुंद अशी जागा आम्ही भुसभुशीत केली, त्यात वाळूची चार घमेली मिसळली आणि रोज दुपारी तेथे बादलीभर पाणी ओतण्याचा नेम ठेवला. पहिले काही दिवस त्या मातीत बोटभर खोलीवर शिळ्या भाकरीचा तुकडा पुरून ठेवला, म्हणजे उकरण्याचे फळ तिला तेथेच मिळावे. मोगऱ्याच्या आळ्यांत गुळगुळीत गोटे बसवले, नव्या रोपांभोवती मातीच्या थराखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, टोके आत वळवून, आडवी अंथरली, आणि वाफ्याच्या कडेने पऱ्हाट्यांचे बुटके कूड घातले. हाडांचे खत बंद केले, कारण त्याचा वास कुत्र्याला खेचून आणतो. एरंडीची पेंड तर घरात कुत्रे असताना मुळीच वापरू नये, कारण ती खाल्ल्याने त्याचा प्राण जाऊ शकतो. आता कुजलेले शेणखत तेवढे घालतो. सकाळ-संध्याकाळ तिला नदीकडे फिरवून आणतो, आणि ती पुन्हा वाफ्यात दिसली तर न ओरडता उचलून तिच्या जागी नेऊन ठेवतो. हा क्रम सुमारे दीड महिना चालवावा लागला.

येथे कोणी शंका घेईल की, स्वभावाला अशी मोकळीक देत गेले तर मर्यादा राहणार कोठे? शंका रास्त आहे. मोगराही जीवच आहे, त्याच्या मुळांनाही आश्रय हवा, आणि दोन आश्रितांपैकी एकाचे लाड दुसऱ्याच्या नाशावर करणे हा धर्म नव्हे. म्हणूनच कूड घातले, जाळी अंथरली. मनाई कायम राहिली, परंतु तिच्यासोबत अनुज्ञाही आली. जेथे फक्त मनाई असते तेथे भीती वाढते आणि मालकाची पाठ फिरताच अपराध पुन्हा घडतो. जेथे मनाईच्या शेजारीच हक्काची जागा असते तेथे मर्यादा सुखाने पाळली जाते. घरातील मुलांविषयी आणि आपल्या हाताखालील माणसांविषयीही मला हाच नियम खरा वाटू लागला आहे. निग्रह आपल्या मनाचा करावा. दुसऱ्याच्या स्वभावासाठी तजवीज करावी. आणि या दोहोंत निग्रह आधी आला पाहिजे, कारण हातातील काठी खाली ठेवल्यावाचून माळ्याचे बोलणे माझ्या कानी पडले नसते.

आपल्या दारी असा एखादा जीव असेल, तर उन्हाळा चढण्यापूर्वी सावलीतील हातभर माती त्याच्या नावे करून द्या आणि ती रोज ओली ठेवा. आमच्या अंगणात ती दिली आहे. मोगऱ्याला या वर्षी फुले आली आहेत, आणि चिंगी निंबाखाली झोपली आहे.