मेनेस उर्फ नार्मेर

इजिप्तचा पहिला राजा मेनेस, असे शाळेच्या पुस्तकात छापलेले असायचे. पाच हजार वर्षांपूर्वी त्याने दोन्ही इजिप्त एक केले म्हणे. अडचण एवढीच, की हे नाव आपल्याला देणारा मॅनेथो नावाचा पुजारी त्यानंतर सुमारे अठ्ठावीसशे वर्षांनी झाला. इतक्या उशिरा आलेले व्हाउचर आमच्या बँकेत शिपाईसुद्धा हातात घेणार नाही!

उलट १८९७-९८ साली हायराकॉनपोलिसला दोन फुटांवर उंचीची एक पाटी सापडली. राजा एका बाजूला पांढरा मुकुट घालून शत्रूला बडवतोय, दुसऱ्या बाजूला तांबडा घालून मिरवतोय. म्हणजे दोन्ही इजिप्तांचा ताबा. पण नाव काय? एक मांगूर मासा आणि एक छिन्नी. वाचायचे नार्मेर. मेनेसचा पत्ताच नाही!

त्यात १८९७ मध्येच नकादाला हस्तिदंताची चिठ्ठी निघाली. तिच्यावर आहा नावाचा राजा, आणि शेजारी 'मेन' अशी अक्षरे. झाले! काही पंडित म्हणाले, आहा हाच मेनेस. बाकीचे म्हणाले, ती अक्षरे त्याच्या आधीच्या राजाची. १९८५ साली अबायडोसला राजांच्या क्रमवार नावांचा शिक्का मिळाला, त्यात पहिला नार्मेर, मग आहा. मेनेस तिथेही गैरहजर.

याचे कारण साधे आहे. राजा गादीवर बसला की ससाण्याच्या देवाचे, होरसचे, नवे नाव घ्यायचा. आईबापांनी ठेवलेले वेगळेच. शिक्क्यावर एक, पुढच्या याद्यांत दुसरे. माझे मत विचाराल तर नार्मेरला.

पण मग दोन्ही इजिप्त एक केल्याचे पुण्य जमा कुणाच्या खाती करायचे? नावाच्या की माणसाच्या? पुण्य माणसाचे, हे मलाही कळते. पण लेजरमध्ये माणूस लिहिता येत नाही हो, नावच लिहावे लागते.

आमच्या काउंटरवर एक आजी आल्या होत्या. ठेव माहेरच्या नावाची, आणि लग्नात तांदळात बोट फिरवून नवऱ्याने नाव बदललेले. मी प्रतिज्ञापत्र मागितले. त्या म्हणाल्या, "दादा, बाई तर मीच ना?" नियमात याला उत्तर नाही. राजाला मासा आणि छिन्नीवर 'उर्फ' मंजूर. आजींना दोन साक्षीदार लागले.

मॅनेथो सांगतो, मेनेसला पाणघोड्याने मारले. नार्मेर असो, आहा असो, पाणघोड्याने काही नाव विचारले नसणार.