चांगुलपणाला तारा द्यावा का?

शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) 17 व्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. छडीची जागा आता कित्येक वर्गांत चांगल्या वागण्याला तारे देणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्याने घेतली आहे. पण ताऱ्यासाठी मदत करणारे मूल चांगले वागते की व्यवहार करते? गीतेतला निष्काम कर्माचा प्रश्न इथे थेट उभा राहतो. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना चित्र काढण्याबद्दल प्रमाणपत्र आधीच कबूल केले. पुढे मोकळ्या वेळात ती मुले चित्रांत कमी रमली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. घात कौतुकाने होत नाही, आधी ठरलेल्या सौद्याने होतो.

ज्या मुलाला मुळात गोडीच नाही, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. त्याला सुरुवातीला बक्षिसाचा आधार जरूर द्यावा आणि हळूहळू काढून घ्यावा. सातव्या वर्षी पूर्ण निष्कामता मागणे हा अन्यायच. मात्र “तू सरकून जागा दिलीस, म्हणून तिला सगळ्यांबरोबर डबा खाता आला,” असे बाई म्हणतात, तेव्हा मुलाला स्वतःच्या गुणांऐवजी समोरची मैत्रीण दिसते. मुख्याध्यापकांनी तक्ता उतरवावा आणि असे बोलण्याइतकी उसंत शिक्षकांना द्यावी.