नाव आणि मैदान

जळगावच्या शाळेत परवा मी मुलांना सहज विचारले, "वानखेडे कोण?"

"मैदान, गुरुजी!" मागच्या बाकावरून उत्तर आले. वर्ग हसला. पण कादंबरीवर आपले नाव ठळक छापून घेणाऱ्या मला ते उत्तर बोचले. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने मुंबईत ते क्रीडांगण उभे राहिले. १९७५ साली तिथे पहिला कसोटी सामना झाला. पन्नास वर्षांत माणूस गेला, नाव तेवढे उरले!

फुटबॉलचे तरी काय निराळे? मडगावच्या स्टेडियमला पंडित नेहरूंचे नाव आहे. लोक म्हणतात 'फातोर्डा'. उलट मुंबईचे कूपरेज पाहा. तिथे पूर्वी लाकडी पिपे घडवीत, त्यावरून ते नाव पडले. त्या कारागिरांतल्या एकाचेही नाव कोणी सांगणार नाही. त्यांचे काम मात्र मैदानाला चिकटून राहिले आहे.

आमचा शिपाई दर सामन्याआधी फक्कीच्या रेघा आखतो. संध्याकाळपर्यंत मुलांच्या पायांखाली त्या पुसल्या जातात. त्याचे त्याला वाईट वाटत नाही. खेळ झाला, एवढे त्याला पुरते.

माणूस विसरून मुलांनी मैदान लक्षात ठेवावे, यात अपमान कसला? पुढची कादंबरी छापताना मला हे आठवले म्हणजे झाले!