गाठोड्याचं फडकं

नाशिकच्या जानेवारीत पहाटे गोधडीबाहेर हात काढवत नाही. निफाडचा पारा कितीवर उतरला, हे चहा होण्याआधीच कुणीतरी सांगून मोकळं होतं.

आज घडी घालताना एका चौकोनापाशी थांबले. आजीच्या गाठोड्याचं फडकं. मधला भाग पार विटलेला, कोपऱ्यालगत मात्र जांभळ्या रंगाची एक चुरगळलेली पट्टी शाबूत आहे. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर आजी निघायची, सिन्नर ओलांडून थेट पंढरपूरपर्यंत पायी. बाकीचा रंग उन्हापावसात गेला. गाठीत दडलेला तेवढा वाचला. शेजारचा हिरवा तुकडा वणीच्या गडावर नेसलेल्या लुगड्याचा. त्या लुगड्याला आधी दंड घातला होता, मग तेही विरलं आणि गोधडीत आलं.

मागच्या वर्षी स्पितीहून परतल्यावर मीही सुईदोरा घेऊन बसले. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं शिखरं भरली. आठ दिवसांनी पाहिलं तर हुबेहूब कॅलेंडरवरचं चित्र! आईनं चष्म्यावरून नजर टाकली. ‘‘डोंगर कशाला काढत बसलीस? तिथं गळ्यात होती ती ओढणी लाव की.’’

चित्रं भरून प्रवास सांगायची रीतही जुनीच म्हणा. फ्रान्समधल्या बायो गावची अकराव्या शतकातली, सुमारे 70 मीटर लांबीची लिननची पट्टी आहे. तिच्यावर लोकरीच्या धाग्यानं जहाजं, घोडे, समुद्र ओलांडणारे सरदार भरले आहेत. जग तिला टॅपेस्ट्री म्हणतं, म्हणजे विणलेली; प्रत्यक्षात ते सगळं सुईचं काम आहे, याचा मला उगाचच आनंद होतो. बघणाऱ्याला गोष्ट कळावी म्हणून वर लॅटिन मजकूरही टाचलाय. आजीच्या गोधडीवर अक्षर नाही. कुठला तुकडा कुठून आला हे पांघरणाऱ्याला तिनं सांगितलं तर सांगितलं, नाहीतर राहिलं. पण बायोच्या पट्टीवरचं जहाज समुद्रात कधी गेलं नव्हतं. हे फडकं पंढरपूरला जाऊन आलंय.

टाका एकच, धावदोरा. कडेनं सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घालत मध्यावर यायचं. चालण्याशी त्याचं नातं मी जोडते. आजी असलं काही बोलायची नाही. ‘‘दोरा ओढू नको, कापड चुणतं,’’ एवढंच.

तर ओढणी काढली. स्पितीतल्या काझात शेगडीला बिलगून बसले होते, तेव्हा ठिणगी उडून तिला मुगाएवढं भोक पडलंय. तेवढा भाग टाकून द्यायचा विचार होता. आता खडूनं चौकोन आखलाय तो त्या भोकाभोवतीच.