पिवळा दिवा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी मात्र नेहमीसारखीच चालत असते. म्हणून तो अधिक अस्वस्थ करतो.

मेकॅनिक स्टिअरिंगखाली वाकून सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावतो. पडद्यावर कोड उमटतो : पी०१७१. ‘पी’ म्हणजे दोष इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूचा. पुढचे शून्य सांगते की हा कोड सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत सारखाच. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ही पद्धत मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडेही आता तीच चालते.

कोडचा अर्थ एवढाच, की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. का जास्त, ते कोडला ठाऊक नाही. एखादी रबरी नळी तडकली असेल. पेट्रोलचा पंप थकला असेल. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली असेल. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर फक्त दिसले ते सांगतो. तरी पुष्कळदा पहिल्यांदा बदलला जातो तोच. तक्रार घेऊन आलेल्यालाच दोषी धरायचे! मग नवा सेन्सरही तेच सांगू लागतो.

यातली एक सोय मला फार आवडते. कोड नोंदवताना गाडीचा संगणक त्या क्षणाची स्थितीही टिपून ठेवतो. वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती, ते गार होते की तापलेले. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तडकलेल्या नळीतून शिरणारी हवा सिग्नलला उभ्या गाडीत जास्त जाणवते. पंपाचा थकवा घाट चढताना. जाणता मेकॅनिक ही नोंद वाचल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. माणूस चिडतो तेव्हा त्या घडीला त्याच्यावर किती चढ होता, हे आपण क्वचितच विचारतो.

कोड उडवताही येतो. बटण दाबले की दिवा विझतो. पण ती नोंदही जाते, आणि संगणकाने स्वतःहून केलेल्या तपासण्याही पुसल्या जातात. विझलेला दिवा आणि दुरुस्त गाडी काही दिवस सारखीच दिसतात.

तेव्हा कोड आधी लिहून ठेवा, मग उडवा. दिवा स्थिर असेल तर एवढा वेळ असतो. तो लुकलुकत असेल, तर इंजिन मिसफायर करते आहे आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते आहे. गाडी बाजूला घ्या.