वाशिष्ठीकाठी, एखाद्या रविवारी

22 जुलै 2021 रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचं पाणी शिरलं. 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकंही भिजली. पाणी ओसरलं, चिखल राहिला. मग फावडी-घमेली घेऊन बाहेरगावची तरुण मुलं आली आणि अनोळखी माणसांच्या घरातला गाळ उपसू लागली.

मला मात्र त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. दुकानं धुऊन झाली, तरी चिपळूणकर नदीला विसरले नाहीत. पात्रातला गाळ निघाला नाही तर पाणी पुन्हा दारात येणार, हे त्यांनी ओळखलं. त्याच वर्षी डिसेंबरात चिपळूण बचाव समितीनं साखळी उपोषण मांडलं. पुढे शासनाच्या यंत्रणेनं आणि नाम फाउंडेशननं गाळ काढायला घेतला.

गाळ यंत्रं काढतील. नदीशी ओळख मात्र आपणच ठेवायची. पुण्यात जीवितनदी ही संस्था लोकांना मुठा नदीच्या काठानं फिरायला नेते, काठ स्वच्छ करते. असा एखादा रविवार वाशिष्ठीलाही द्यावा. मुलांना घेऊन जावं. शिव नदी कुठे मिळते, कोयनेच्या वीजघरांतलं पाणी कुठून येतं, भरतीच्या वेळी पुराचा निचरा का अडतो, हे काठावर उभं राहून दाखवावं. मगरी दिसल्या तर लांबूनच पाहाव्यात. आणि 2021चं पाणी कुठवर चढलं होतं, ते तिथल्याच एखाद्या आजींना विचारावं.