समुद्रतळाचा जमाखर्च

इतिहासकार वि. का. राजवाडे यांचा बखरींवर फारसा भरवसा नव्हता. बखरकार बहुधा धन्याची मर्जी राखून लिहितो. अस्सल पत्रं आणि जमाखर्चाच्या याद्या लिहिणाऱ्याला मात्र आपण इतिहास लिहितो आहोत याचा पत्ताही नसतो, म्हणून त्या अधिक खरं बोलतात. अरबी समुद्राच्या तळाशी असंच एक दप्तर साठलं आहे. ते लिहिणारे जीव एकपेशीय आहेत.

फोरॅमिनिफेरा हे त्यांचं नाव. बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरहूनही कमी. वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या यांच्या जाती पाण्यातल्या चुन्याचं कवच स्वतःभोवती बांधतात आणि काही आठवडे जगतात. मेल्यावर कवच तळाच्या गाळात जाऊन बसतं. त्या कवचातल्या हलक्या आणि जड ऑक्सिजनच्या प्रमाणात तेव्हाच्या पाण्याच्या तापमानाची खूण राहते. याच खुणेवरून चेझारे एमिलियानी यांनी 1955 साली हिमयुगांचे चढउतार मांडले.

यातली ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ ही जात गार, सकस पाण्यात फोफावणारी. उबदार अरबी समुद्रात तिला सुगी येते ती पावसाळ्यात. नैर्ऋत्य मोसमी वारे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दूर लोटतात, खालचं गार पाणी वर येतं आणि ही जात भराभर वाढते. वारे जोराचे असले की कवचं जास्त, मंद असले की कमी. ओमानजवळच्या तळातला गाळ उपसून संशोधकांनी थराथरातली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. तेव्हा दिसलं, की सुमारे 10,000 ते 6,000 वर्षांपूर्वी हे वारे जोमदार होते आणि पुढे ते मंदावत गेले. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही अशाच कवचांवरून जुन्या पावसाचा माग काढला गेला आहे. कोकणातला शेतकरी जूनमध्ये ज्या वाऱ्यांची वाट पाहतो, त्यांचा हजारो वर्षांचा हिशेब या जिवांकडे आहे.

हे दप्तर आजही चालू आहे. ‘चॅलेंजर’ या संशोधन जहाजाने 1872 ते 1876 या काळात गोळा केलेली कवचं लंडनच्या संग्रहालयात जपलेली आहेत. पॅसिफिक महासागरातल्या त्या कवचांची तुलना ‘तारा’ या जहाजाने अलीकडे आणलेल्या कवचांशी केली गेली आणि 2020 साली निष्कर्ष आला : अभ्यासलेल्या दोन्ही जातींची आजची कवचं पातळ आहेत, काही तर 76 टक्क्यांपर्यंत. आपण जाळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो, पाण्याची आम्लता वाढते आणि कवच बांधणं जड जातं. संशोधकांचा रोख याच कारणाकडे आहे.

या जिवांना कुणावर ठपका ठेवायचा नाही की कुणाची स्तुती करायची नाही. पाणी जसं मिळालं, तसं कवच त्यांनी बांधलं. परिषदांमधले ठराव आणि आपल्या सद्भावना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आपला धूर पोहोचतो. तेव्हा पर्यावरणाविषयी आपण काय बोललो, हे आज बाजूला ठेवू या. आज आपण किती जाळणार आहोत आणि त्यातलं किती टाळता येईल, एवढंच दिवस सुरू करताना स्वतःला विचारू या.